बिदागी आणि तिकीट

आषाढी एकादशीच्या संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या सभागृहात भजनाचा कार्यक्रम होता. बाहेर पाऊस, दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग, आत उदबत्ती आणि साबुदाण्याची खिचडी यांचा एकमेकांत मिसळलेला वास. भजनी मंडळाने या वेळी एक तरुण गायिका बोलावली होती. एरवी ती लग्नसमारंभांतील ऑर्केस्ट्रात गाते, हे बहुतेकांना ठाऊक होते. तिने आधीचे अभंग संथ लयीत म्हटले आणि मग ढोलकीवाल्याकडे पाहून नुसती भुवई उचलली. लय चढली, मागच्या रांगेतील बायका उठून फुगडी घालू लागल्या, आणि पुढच्या रांगेतील एक ज्येष्ठ गृहस्थ उठून चपला शोधू लागले. जाता जाता ते म्हणाले, "हे देवासाठी चालले आहे की लोकांसाठी?" कार्यक्रम संपल्यावर मंडळाच्या खजिनदारांनी त्या मुलीच्या हातात पाकीट ठेवले. तिने ते तिथेच उघडले, नोटा मोजल्या आणि पर्समध्ये ठेवल्या. माझ्या शेजारच्या बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "मोजलेसुद्धा!"

ते "मोजलेसुद्धा" पुढे बरेच दिवस माझ्या मनात टोचत राहिले. चपला शोधणाऱ्या गृहस्थांचा प्रश्न जुना आहे, त्याची मला सवय आहे. पण नोटा मोजण्यात नेमके काय बिघडले, हे मला सांगता येईना. आणि तरीही ती नोटा मोजत असताना माझीही नजर क्षणभर दुसरीकडे वळली होती, हेही खरेच. त्याच सुमारास मी रात्री उशिरा एक जुने कृष्णधवल चित्रण पुन्हा पाहिले. ते पूर्वी अनेकदा पाहिलेले होते. या वेळी मात्र मी त्यातील बाईकडे त्या पाकिटाचा विचार मनात ठेवून पाहत होतो.

ते चित्रण ७ मे १९६४ रोजी मँचेस्टरमध्ये झाले. विल्ब्रॅहम रोड नावाचे, वापरातून गेलेले रेल्वे स्थानक ग्रॅनाडा टेलिव्हिजनच्या लोकांनी अमेरिकेच्या दक्षिणेतील एखाद्या जुन्या स्थानकासारखे सजवले होते. एका फलाटावर प्रेक्षक बसलेले, मध्ये रूळ, आणि समोरच्या फलाटावर मडी वॉटर्ससारखे ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांची लौकिक सुखदुःखाची गाणी, गाणारे कृष्णवर्णीय कलाकार. पाऊस पडून गेला आहे, फलाट ओला चकचकीत आहे. अशात एक घोडागाडी येते आणि तिच्यातून फिकट रंगाचा जाडसर कोट आणि उंच टाचांचे बूट घातलेली, एकोणपन्नास वर्षांची एक भरदार बाई उतरते. कझिन जो नावाचा पियानोवादक तिचा हात धरून तिला पुढे आणतो. कोटावरच ती पांढरी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवते. पाऊस पाहून तिने ऐनवेळी पहिले गाणे बदलायला लावले, असे सांगतात; ती गाते ते गाणे बायबलमधील नोहाच्या जलप्रलयाचे आहे. गाण्याच्या मध्यावर ती थांबते आणि गिटारला बोलू देते. डावा हात वरच्या पट्ट्यांवर सरकतो, उजवा हात तारांवरून झटक्यात सुटून हवेत जातो, आणि ती मान वळवून प्रेक्षकांकडे असे पाहते की आता कोणी काही बोलून दाखवावेच. ही सिस्टर रोझेटा थार्प. गॉस्पेल, म्हणजे कृष्णवर्णीय चर्चमधली ख्रिस्ती भक्तिगीते, गाणारी गायिका आणि, माझ्या मते त्याच्या आधी, सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगत फिरणारी.

हा क्रम मी मुद्दाम असा लावतो, कारण तिच्याविषयी आज जे लिहिले जाते त्यात तो उलटा असतो. रॉक अँड रोलची जननी, इलेक्ट्रिक गिटारची पहिली राणी, अशी बिरुदे आधी येतात आणि देव नंतर कुठेतरी पार्श्वभूमीला राहतो. तिची सुरुवात मात्र देवापासूनच झाली. २० मार्च १९१५ रोजी आर्कान्सॉमधील कॉटन प्लांट या गावी तिचा जन्म झाला. घर कापूस वेचणाऱ्यांचे. आई केटी बेल नुबिन मँडोलिन वाजवायची, गायची आणि 'चर्च ऑफ गॉड इन क्राइस्ट' या पेंटेकॉस्टल ख्रिस्ती पंथाची प्रचारक होती. या पंथात उपासना शांतपणे बसून होत नाही. तिथे खंजिरी, ढोल, पितळी वाद्ये, टाळ्या, पायांचे ठेके, अंगात पवित्र आत्मा संचारल्यावर येणारे हुंकार आणि नाच, सगळे असते. स्त्रियांना तिथे पाळक म्हणून अभिषेक मिळत नसे. पण साक्ष द्यायला, शिकवायला आणि गायला त्यांना मोकळीक होती. व्यासपीठाची दारे बंद असलेल्या बाईने गाण्याच्या वाटेने प्रवचन करावे, ही सोय केटी बेलने ओळखली आणि मुलीलाही त्याच वाटेवर घातले. मुलगी चौथ्या वर्षी गिटार वाजवू लागली आणि सहाव्या वर्षी आईबरोबर फिरतीवर निघाली. पुढे मायलेकी शिकागोला आल्या, तिथल्या चाळिसाव्या रस्त्यावरील आपल्या पंथाच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गाऊ लागल्या, आणि तिथून पुन्हा दक्षिणेत दौरे. एवढीशी पोर लोकांना दिसावी म्हणून तिला पियानोवर उभे करीत. 'गाणारा आणि गिटार वाजवणारा चमत्कार' अशी तिची जाहिरात होई.

जाहिरात. सहा वर्षांच्या, देवाचे गाणाऱ्या मुलीची.

मला इथे आजोळच्या देवळातले कीर्तनकार बुवा आठवतात. आजी मला मांडीवर घेऊन खांबाला टेकून बसायची; समईच्या तेलाचा आणि बुवांच्या फेट्याला लावलेल्या अत्तराचा वास अजून ओळखता येईल. पूर्वरंगात बुवा अभंगाचे निरूपण करीत, ते मला कळत नसे. उत्तररंगात आख्यान सुरू झाले की ते रावणाचा आवाज काढीत, नाट्यपदांच्या चाली घेत, एका पायावर गिरकी मारीत, आणि सगळे देऊळ हसे, रडे. मग आरती फिरे. तबकात नाणी पडत. लोक पांगल्यावर बुवा देवळाच्या ओट्यावर बसून ती नाणी एकावर एक रचून मोजत, पेटीवाल्याचा आणि तबलजीचा वाटा बाजूला काढीत, आणि यजमानांनी दिलेली बिदागी उपरण्याच्या टोकाला बांधीत. हे सगळ्यांच्या देखत चाले. "मोजलेसुद्धा" असे म्हटलेले मी तरी कधी ऐकले नाही. आणि आमच्या परंपरेत लावणी आणि कीर्तन यांच्यामध्ये भिंत होती असे म्हणावे, तर लावण्या रचणारे राम जोशी कीर्तनही करीत असत. ख्रिस्ताची कथा कीर्तनातून सांगणारे नारायण वामन टिळक तर आपल्याच घरातले. त्यांची भजने आजही मराठी मंडळ्यांमध्ये पेटी-तबल्यावर म्हटली जातात. म्हणजे गाऊन, रंगवून, लोकांना खिळवून देव सांगणे आणि त्यावर पोट भरणे, यात आपल्याला काही नवे नाही. बुवांना लागू असलेला हा न्याय बाईला लागू होताना मध्येच कुठेतरी अडखळतो, एवढेच.

१९३४ साली, एकोणिसाव्या वर्षी रोझेटाने थॉमस थॉर्प नावाच्या प्रचारकाशी लग्न केले. हे लग्न टिकले नाही. नवऱ्याचे आडनाव मात्र एका अक्षराच्या फरकाने तिच्याकडे कायमचे राहिले. १९३८ साली ती आईला घेऊन न्यूयॉर्कला आली आणि त्या एका वर्षाच्या अखेरीस जे घडले त्याने तिच्या आयुष्याचे दोन तुकडे केले. ऑक्टोबरमध्ये ती कॉटन क्लबच्या कार्यक्रमात कॅब कॅलोवेच्या वाद्यवृंदाबरोबर गाऊ लागली. ३१ ऑक्टोबरला डेका कंपनीसाठी तिने चार गाणी ध्वनिमुद्रित केली. २३ डिसेंबरला कार्नेगी हॉलमध्ये जॉन हॅमंड यांनी भरवलेल्या, कृष्णवर्णीयांच्या संगीताची ओळख करून देणाऱ्या मैफलीत ती उभी राहिली. कॉटन क्लब म्हणजे मद्य, सिगारेटचा धूर, अर्धवस्त्र नर्तकी आणि मुख्यतः गोरे, पैसेवाले गिऱ्हाईक. आणि तिथे ही मुलगी देवाला हाक मारणार. त्या चार गाण्यांपैकी 'रॉक मी' हे मुळात थॉमस डॉर्सी यांचे भक्तिगीत. त्यात भक्त देवाला आपल्याला कुशीत घेण्याची विनवणी करतो. रोझेटाने शब्द थोडे हलवले, सूर थोडा गुरगुरता केला, आणि चर्चमध्ये वाढलेल्या कानाला जी प्रार्थना वाटे ती क्लबमधल्या कानाला दुसरेच काही वाटू लागली. ती हे जाणून करीत होती, याविषयी मला शंका नाही. ध्वनिमुद्रिका ऐकताना तिच्या आवाजातले हसू लपत नाही.

मंडळीतील लोक संतापले. सोडून जाणाऱ्यांमध्ये तिला लहानपणापासून ओळखणारे, तिच्यासाठी टाळ्यांचा ठेका धरलेले लोक होते, म्हणून तो संताप तिला लागला असणार. मला त्यांची बाजूही हसण्यावारी नेता येत नाही. ज्यांना दिवसभर गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात आणि गोदामात अपमान गिळावा लागे, त्यांच्यासाठी रविवारचे ते गाणे ही एकच जागा पूर्णपणे स्वतःची होती. तेच गाणे दुसऱ्या कोणी दारूचा पेला हातात धरून मौजेने ऐकावे, यात आपले काही चोरीला गेले असे त्यांना वाटले असेल, तर ते पावित्र्याच्या कोरड्या कल्पनेतून आलेले नव्हते. मात्र त्यांनी नाकारलेला ठेका तिने क्लबातून आणलेला नव्हता. तो त्यांनीच तिला शिकवला होता. खंजिरी, टाळी, पायाचा ताल, मोडून पुन्हा जुळवलेली ओळ, हे सगळे चाळिसाव्या रस्त्यावरच्या मंडळीतलेच. ती ते जसेच्या तसे उचलून दुसऱ्या दारातून आत शिरली. बदलले होते ते दारावर पैसे घेणारे.

तिचे सगळेच निर्णय मी सोवळे ठरवणार नाही. लकी मिलिंडर यांच्या वाद्यवृंदाशी ती करारबद्ध असताना तिने उंच, सडपातळ पुरुषाची फर्माईश करणारे एक चावट गाणेही गायले आहे. त्याला भक्तिगीत म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. तिने ते नाइलाजाने गायले, करारात अडकली होती, असे तिच्या बाजूने सांगितले जाते. असेल. पण ध्वनिमुद्रिकेत ती मुळीच रडवेली वाटत नाही, आणि मला ती तशीच आवडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी काढलेल्या खास तबकड्यांसाठी जे मोजके गॉस्पेल कलाकार निवडले गेले त्यांत ती होती. १९४४ साली सॅमी प्राइस यांच्या उसळत्या पियानोबरोबर तिने एक गॉस्पेल गाणे गायले आणि १९४५ मध्ये ते कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. गॉस्पेल त्या यादीत इतके वर जाणे ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. रॉक अँड रोलचे इतिहासकार या गाण्यापाशी थांबतात आणि गिटारचे तुकडे मोजतात. गाण्यात देवाचे मार्ग आणि ढोंगी धार्मिकांची खोड काढणे हे दोन्ही आहे, त्याचा उल्लेख ते उरकून टाकतात.

तिच्याच पिढीतील गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सन यांनी नाइट क्लबमध्ये गायला आणि ब्लूज गायला आयुष्यभर नकार दिला. त्या १९७१ साली भारतात येऊन गायल्या, तेव्हा दिल्लीत इंदिरा गांधींनी त्यांचे गाणे ऐकले. महालियांच्या आवाजापुढे मी नतमस्तक आहे, आणि त्यांच्या नकारात मोठे बळ होते हेही मान्य आहे. पण लोकांना अशी विभागणी फार सोयीची पडते. एक संतपदाला पोहोचते, दुसरी वाट चुकलेली ठरते, आणि मग दोघींचेही गाणे नीट ऐकण्याची गरज उरत नाही.

महालियांच्याच एका मैफलीत, १९४६ साली, रोझेटाने मेरी नाइट या गायिकेला ऐकले आणि तिला आपल्याबरोबर दौऱ्यावर येण्यास विचारले. पुढची काही वर्षे या दोघी गावोगाव फिरल्या: एकीचा भारदस्त, खालचा आवाज, दुसरीचा झणझणीत आणि वर गिटार. दौरा म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय तिच्या पैशाविषयी बोलू नये असे मला वाटते. वर्णभेदाच्या त्या दक्षिणेत हजारो लोक तिकीट काढून जिचे गाणे ऐकत तिला त्याच गावातल्या हॉटेलात खोली मिळत नसे. झोपायचे बसमध्ये. जेवण उपाहारगृहाच्या मागच्या दारातून, नाहीतर बरोबरच्या एखाद्या गोऱ्या माणसाने आत जाऊन आणायचे. 'जॉर्डनेअर्स' हे गोऱ्या गायकांचे चतुष्टय तिच्याबरोबर फिरत असे, तेव्हा ते तिला असे अन्न आणून देत. अशा वाटेवर आयोजकाने दिलेल्या नोटा जी बाई तिथेच मोजून घेत नाही, ती दुसऱ्या गावापर्यंत पोहोचत नाही. १९४७ साली जॉर्जियातील मेकन येथे, कार्यक्रमाआधी तिचीच गाणी म्हणणाऱ्या एका चौदा वर्षांच्या पोराला तिने मंचावर बोलावून घेतले आणि नंतर त्याला पैसेही दिले. हा पोरगा म्हणजे पुढचा रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्ड. मला या गोष्टीत मंचावरच्या आमंत्रणापेक्षा त्या पैशांचे महत्त्व जास्त वाटते. गाण्याचे मोल द्यायचे असते, हे तिने घेतानाही पाळले आणि देतानाही.

आणि मग ३ जुलै १९५१. या दिवसाविषयी वाचताना मी दर वेळी हसतो आणि दर वेळी थोडा अस्वस्थ होतो. वॉशिंग्टनच्या दोन आयोजक भावांना रोझेटाचे लग्न बेसबॉलच्या मैदानात, तिकीट लावून करण्याची कल्पना सुचली. करार झाला तेव्हा नवरदेव ठरलेला नव्हता. तो नंतर शोधला गेला. रसेल मॉरिसन हा तिचा तिसरा नवरा, पुढे तिचा व्यवस्थापकही झाला. ग्रिफिथ स्टेडियममध्ये वीस-पंचवीस हजार माणसे तिकीट काढून आली, तिच्याच पंथाच्या पाळकांनी विधी केला, डेका कंपनीने त्याचे ध्वनिमुद्रण केले, आणि लग्न लागल्यावर नववधूने लग्नाच्याच पोशाखात इलेक्ट्रिक गिटार घेऊन मैफल केली. शेवटी आतषबाजी. लग्नासारखा संस्कार, त्यावर तिकीट! माझ्या शेजारच्या बाई काय म्हणाल्या असत्या याची कल्पना करवत नाही. पण जिचे बालपण फलकांवर छापले गेले, जिला स्वतःचे असे घर फार उशिरा मिळाले आणि जिचे गणगोत म्हणजे श्रोतेच, तिने लग्नाला आणखी कोणाला बोलवायचे होते? आलेली माणसे सजूनधजून, आहेर घेऊन आली होती. त्यांना तो तमाशा वाटला नव्हता.

त्यानंतर उतार सुरू झाला. १९५३ साली तिने आणि मेरी नाइटने सरळसरळ ब्लूज गाणी काढली. मंडळीतील श्रोते पुन्हा दुरावले आणि क्लबवाले काही धावत आले नाहीत. तिच्या गिटारवर वाढलेली पोरे रॉक अँड रोल गात नावारूपाला आली, तेव्हा ती चाळिशीत होती आणि तिला लहान सभागृहे मिळत होती. १९५७ मध्ये इंग्रज जॅझ वादक ख्रिस बार्बर यांनी तिला इंग्लंडला नेले आणि तिथल्या तरुणांनी तिला डोक्यावर घेतले. मँचेस्टरचे ते फलाट पुढच्या दौऱ्यातले. ते चित्रण आता मला थोडे खुपते. कापसाच्या गाठी आणि जुनाट स्थानकाचा देखावा उभारून, कृष्णवर्णीय दारिद्र्याचे नेपथ्य करून, त्यात घोडागाडीतून हिला आणायचे! कॉटन प्लांट गावात जन्मलेल्या बाईला तो देखावा पाहून काय वाटले असेल कोण जाणे. तिने आपला उत्तम कोट घातला आणि देखाव्यासाठी मुळीच गरीब दिसायचे नाकारले. पावसाचे गाणे निवडून तिने तो देखावा पुसून टाकला. नोहाचा पाऊस मँचेस्टरच्या पावसात मिसळला आणि समोरची इंग्रज पोरे टाळ्या वाजवू लागली. ऐकणाऱ्यांपैकी कितीजण देव मानत होते याची तिला चिंता दिसत नाही. सुवार्तिकाचे काम आधीच विश्वास असलेल्यांपुढे गाण्याचे नसतेच. ते काम तिला कॉटन क्लबमध्येही होते आणि इथेही.

साठच्या दशकाच्या अखेरीस आई गेली. सहाव्या वर्षापासूनची जोडी तुटली. १९७० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर तिला पक्षाघाताचा झटका आला. मधुमेहामुळे एक पाय कापावा लागला. तरीही ती गात राहिली. ९ ऑक्टोबर १९७३ रोजी फिलाडेल्फियात ती वारली, तेव्हा पुढचे ध्वनिमुद्रण ठरलेले होते. नॉर्थवुड दफनभूमीत तिला पुरले आणि थडग्यावर दगड बसवला गेला नाही. तीसहून अधिक वर्षे तिथे नाव नव्हते.

२०१८ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने तिला मानाचे पान दिले, 'आरंभीचा प्रभाव' अशा वर्गात. मला याचा आनंद झाला आणि चीडही आली. रॉकवाल्यांनी गिटार ठेवून घेतली आणि देव परत केला. मंडळीने पूर्वीच देव ठेवून घेऊन गिटार परत केली होती. दोन्ही हात एका बाईचे होते, हे सांगणारे थोडे. गेल वॉल्ड या अभ्यासिकेने तिचे चरित्र लिहिले ते २००७ साली, म्हणजे मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी. त्यानंतर मात्र हालचाल झाली. २००८ च्या ११ जानेवारीला पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरांनी 'सिस्टर रोझेटा थार्प दिन' जाहीर केला आणि तिच्या थडग्याच्या दगडासाठी निधी जमवायला एक मैफल झाली. गॉस्पेल गाणारे आले, श्रोत्यांनी तिकिटे काढली, कोणीतरी ते पैसे मोजले असणार, आणि दगड बसला.